कुत्र्याला चीज? त्यापेक्षा हे बिनमिठाचं पनीर

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं आणि तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातं. आता मुंबईही दर आठवड्याला इकडे येते. आटगाव, खर्डी, शहापूर, पलीकडे मुरबाडपर्यंत फार्महाऊस उभी राहिली आहेत. शनिवारी मंडळी येतात, रविवारी संध्याकाळी निघतात आणि जाताना उरलंसुरलं कुत्र्यांपुढे टाकतात. त्यात पिझ्झाच्या कडा असतात, चांदीच्या कागदातले चीजचे तुकडे असतात, पनीर मसाल्याची तळाला राहिलेली ग्रेव्ही असते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तांदळाची भाकरी, भात आणि कालवणाच्या पाण्यावर वाढलेल्या पाड्यावरच्या कुत्र्याला एवढं तूप-मीठ-मसाला एकदम झेपत नाही. सोमवारी जुलाब सुरू होतात. फार्महाऊसला तोवर कुलूप लागलेलं असतं, आणि निस्तरायचं राखणदाराच्या घरच्यांनी.

तेव्हा आधी प्रश्नाचं उत्तर. कुत्र्याला चीज चालतं का? निरोगी, मोठ्या कुत्र्याला साधं चीज, नखाएवढं, कधीमधी दिलं तर चालतं. चीज हे काही विष नाही. अडचण आहे ती त्यातल्या चरबीची आणि मिठाची. दुधातल्या साखरेची, म्हणजे लॅक्टोजची, लोकांना जास्त धास्ती असते, पण चीजमध्ये ती थोडीच उरते. नुसत्या दुधात ती भरपूर असते. पिल्लू आईचं दूध सोडतं तशी ती पचवायची ताकद कमी होत जाते, म्हणून वाटीभर दुधाने ज्याचं पोट बिघडतं त्याच कुत्र्याला पनीरचा बारीक तुकडा सहज पचलेला दिसतो.

हिशेब करून पाहा. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ८५० कॅलरी पुरतात. वरचा खाऊ त्याच्या एक दशांशात बसायला हवा, म्हणजे ८० च्या आसपास. दुकानात मिळणाऱ्या २०० ग्रॅमच्या डब्यात चीजचे आठ चौकोनी तुकडे असतात. एक तुकडा २५ ग्रॅमचा, आणि त्यात पाऊणशेच्या वर कॅलरी. एका तुकड्यात दिवसाचा खाऊ संपला, आणि एवढ्या कुत्र्याला दिवसभरात लागतं त्याहून जास्त सोडियमही त्या एकाच तुकड्यातून जाऊ शकतं. माणूस पोळीला लावून दोन तुकडे खातो, म्हणून कुत्र्यालाही दोन टाकतो. त्याचं वजन आपल्या पाव हिस्साही नसतं, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

म्हणून मी सांगेन, चीज माणसांसाठी ठेवा. कुत्र्यासाठी घरीच साय काढलेल्या दुधाचं बिनमिठाचं पनीर करा. दूध इथे गोठ्यावर मिळतं, लिंबू परसात असतं. आणि या पनीरचा खरा उपयोग लाडापेक्षा औषधाला आहे. जंताची कडू गोळी कुत्र्याच्या पोटात जाते की अंगणात पडते, ते या पनीरवर ठरतं.

साहित्य

म्हशीचं किंवा गाईचं दूध एक लिटर. दोन चमचे लिंबाचा रस, चार चमचे पाण्यात मिसळून. स्वच्छ पंचा किंवा मलमलचं फडकं. मीठ, मिरी, जिरं, कोथिंबीर, लसूण यातलं काही नाही.

दूध आधी उकळायचंच. धारोष्ण दूध कुत्र्याला ताकदीचं म्हणून काही जण तसंच पाजतात. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू माणसाला होतात तसे कुत्र्यालाही होऊ शकतात. गोठ्यात एखादी म्हैस गाभडली असेल तर तिचं दूध आणि तिची वार, दोन्हींपासून कुत्र्याला लांब ठेवा. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कृती

१. दूध उकळा. उकळी आल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, मग उतरवून झाकून गार करा. फ्रिज असेल तर रात्रभर आत ठेवा. नसेल तर परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं चार तास ठेवा. वर जाड साय धरते, ती सगळी काढा. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के चरबी असते, एकदा साय काढून ती पुरेशी उतरत नाही. पुन्हा तापवा, पुन्हा गार करा, पुन्हा साय काढा. साय वाया जात नाही, विरजण लावून लोणी काढा. गाईचं दूध असेल तर एकदा काढलेली साय पुरे.

२. साय काढलेलं दूध परत उकळा. उकळी फुटली की गॅस बंद करा, चूल असेल तर पातेलं खाली उतरवा. दोन मिनिटं थांबा. मग लिंबाचं पाणी चमच्याचमच्याने घाला आणि डाव हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. भसकन ओतलंत आणि घुसळलंत तर दाणा बारीक, रबरासारखा होतो.

इथे जरा थांबून पातेल्यात बघा. आधी दूध नुसतं जाडसर दिसतं, मग कडेला पांढरे ठिपके धरतात, ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मधलं पाणी आधी दुधाळ, मग स्वच्छ, हिरवट-पिवळट होतं. पाणी असं निवळलं की लिंबू थांबवा. ते दुधाळच राहिलं तर लिंबाचे चार थेंब आणखी, एवढंच. जास्त लिंबाने पनीर आंबट होतं, आणि कुत्रा नाकाने आंबट ओळखून तोंड फिरवतो.

३. फडकं चाळणीत अंथरून दूध ओता. खाली पडणाऱ्या पाण्यात दुधातली बरीचशी साखर निघून जाते, म्हणून ते पाणी कुत्र्याच्या भांड्यात ओतू नका. त्यात भाकरीचं पीठ मळा, माणसांना चांगलं. फडक्यातला गोळा गार पाण्याखाली धरून दोन-तीनदा धुवा. आंबटपणा जातो आणि राहिलेली साखरही बरीचशी निघते. बाजारी पनीर आणि हे पनीर यांत कुत्र्याच्या पोटाला जाणवणारा फरक या धुण्यात आणि सायीत आहे.

४. फडकं आवळून अर्धा तास टांगा. वर वजन ठेवू नका. आपल्याला कापायच्या वड्या नकोत, बोटांनी दाबली तर गोळीभोवती बसेल अशी मऊ लगदी हवी. टांगून झाल्यावर ताटात घेऊन तळहाताने दोन-तीन मिनिटं मळा, दाणा मोडून ते एकजीव होतं.

५. भिजवलेल्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा. एक गोळी साधारण एक ग्रॅमची होते, त्यामुळे पुढे मोजायला काटा लागत नाही. साय काढलेल्या लिटरभर दुधाचं दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर पनीर निघतं. फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, त्यापुढे नको. बर्फाच्या कप्प्यात आधी ताटलीत सुट्ट्या गोठवून मग डब्यात भरल्या तर महिनाभर टिकतात. उन्हाळ्यात वीज जाते आणि तासन्तास येत नाही, अशा वेळी डबा उघडून वास घ्या. चिकट झालं असेल, आंबूस वास येत असेल तर टाकून द्या. ‘कुत्र्याला काय होतंय’ म्हणून त्याच्यापुढे ठेवू नका.

पहिल्यांदा देताना

रिकाम्या पोटी नको. रोजचं खाणं झाल्यावर एक गोळी द्या आणि चोवीस तास काही नवीन देऊ नका. शी पातळ झाली, पोट गुरगुरलं, वारंवार गवत खाऊन ओकला, तर हे पनीर त्याचं नाही. विषय संपला. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी तीन, आणि मग आपल्या मापापर्यंत.

माप असं. पाच किलोच्या लहान कुत्र्याला चार-पाच गोळ्या, पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दहा ते पंधरा, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नका. वजन कळत नसेल तर कुत्र्याला कडेवर घेऊन माणसाच्या काट्यावर उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा. उचलू देत नसेल तर भाताची पोती मोजायचा टांगता काटा आणि खालून गोणपाटाची झोळी, यावर दोन माणसांत काम होतं. वजन एकदा लिहून ठेवाच, जंताच्या गोळीचा डोस त्यावरच ठरतो.

लठ्ठ कुत्र्याला, आधी कधी स्वादुपिंडाला सूज आलेल्याला, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पनीरही नको. ज्या घरात कुत्रा लहानपणापासून ताक-भाकरी खातो आणि त्याचं पोट ठणठणीत आहे, तिथे ती बंद करायचं काही कारण नाही. फक्त ताकात मीठ घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढा. म्हैस व्यायल्यावरचा चीक किंवा गूळ घातलेला खरवस मात्र फार जड आणि गोड होतो, तो घरच्या माणसांनीच खावा.

गोळी खिलवायची रीत

आता मुख्य काम. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं लागतं, पिल्लांना त्याहून बरंच लवकर लवकर. गोळी कोणती आणि किती, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन सांगून विचारा. गोळी कडू असते. नुसती भाकरीत खुपसून टाकली तर कुत्रा भाकरी चावतो, जिभेने गोळी वेगळी करतो आणि ओली गोळी पायाशी ठेवून भाकरी फस्त करतो. गोळी हरवली तर शोधायला सोपी जावी म्हणून हे काम ओट्यावर करा, मातीत नको.

तीन गोळे करा, बोराएवढे. मधल्या गोळ्यात औषध भरून तोंड नीट बंद करा. भरणारा हात आणि वळणारा हात वेगळा ठेवा. औषधाची पूड बोटाला लागून गोळ्याच्या बाहेर आली तर कडू वास बाहेरूनच येतो आणि सगळा खटाटोप फुकट. गोळी मोठी असेल तर दोन तुकडे करून दोन गोळ्यांत घाला, पण आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या मोडायच्या नसतात.

कुत्र्याला थोडी भूक असताना समोर बसवा. पहिला गोळा रिकामा, तो हातावरून द्या. गिळला की लगेच दुसरा, औषधाचा. आणि दुसरा तोंडात जायच्या आतच तिसरा त्याच्या नाकासमोर धरा. सगळी करामत या तिसऱ्या गोळ्यात आहे. पुढचा घास दिसत असला की कुत्रा हातचा चघळत बसत नाही, गिळून मोकळा होतो. तिसरा दिल्यावर दोन मिनिटं त्याच्याजवळच बसा. गालाच्या खोबणीत गोळी दडवून नंतर टाकणारे असतात.

तळहात सपाट ठेवा, बोटांच्या चिमटीत गोळा धरू नका. हावरटपणात दात लागतात. दात लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. हळद, चुना, मिरची लावून घरी बसायचं नाही. आपलाच कुत्रा आहे, ही सबब रेबीजला चालत नाही. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या आणि तिचा कागद जपून ठेवा.

इथे पनीर अजिबात नको

पावसाळा सरला की इकडे गोचीड फार होतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या खाली चिकटलेल्या असतात. त्यातून गोचीडताप होतो. ताप येतो, कुत्रा खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. त्यावर डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लीन देतात, आणि ती तीन-चार आठवडे चालते. ही गोळी पनीरमध्ये, चीजमध्ये, दह्यात, दुधात कशातही देऊ नका. दुधातला कॅल्शियम तिला धरून ठेवतो, ती पोटात जाते पण रक्तात पुरती उतरत नाही. मालकाला वाटतं औषध चालू आहे, आणि आजार मात्र हटत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचंही असंच. ही औषधं चालू असताना दुधाचा पदार्थ दोन-तीन तास आधी आणि नंतर टाळा.

मग डॉक्सीसायक्लीन द्यायची कशात? मऊ भाताचा गोळा, उकडलेल्या अंड्याचा बलक, उकडलेल्या कलेजीचा तुकडा, उकडलेला लाल भोपळा. मीठ-मसाला कशातच नको. रीत तीच, तीन गोळ्यांची. शेवटी थोडं पाणी पाजा किंवा वर भाताचे दोन घास द्या. ही गोळी कोरडी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते. औषध लिहून घेताना दवाखान्यात एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘डॉक्टर, हे दुधाबरोबर चालेल का?’

चीजमधलं काय टाळायचं

लसूण, कांदा, कांद्याची पात घातलेलं चीज आणि चीज स्प्रेड. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्रास लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतो. कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद येते. फार्महाऊसवरच्या उरलेल्या पनीर ग्रेव्हीचा धोका हाच आहे. तिच्यात पनीर चार तुकडे आणि कांदा-लसूण वाटीभर असतो.

निळ्या बुरशीचं चीज नको. आणि फ्रिजमध्ये विसरून बुरशी चढलेलं साधं चीज तर मुळीच नको. त्या बुरशीतल्या काही विषांनी कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. असं चीज उकिरड्यावरही टाकू नका, कुत्रं उकरून काढतं. चांदीच्या कागदासकट दिलेला तुकडा कागदासकट गिळला जातो, म्हणून कागद आधी सोलून कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यात टाका.

आणि फार्महाऊसवाल्यांना एक विनंती. उरलेलं अन्न कुंपणाबाहेर टाकू नका, रात्री तर नकोच. १९७० साली जाहीर झालेलं तानसा अभयारण्य अगदी लगत आहे आणि तिथे बिबट्या आहे. अन्न पडलं की तिथे कुत्री जमतात, आणि जमलेल्या कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. घाटमाथ्यापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिथल्या बिबट्याच्या खाद्यात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. पाड्यावरच्या माणसाला कुत्रं हीच रात्रीची राखण असते. खायला घालायचंच असेल तर उजेडात, भांड्यात, घराच्या दाराशी घाला, आणि खाऊन झालं की भांडं उचला.

जास्त खाल्लं तर

अर्धा डबा चीज चोरून खाल्लं असेल आणि कुत्रा तरतरीत असेल तर पिण्याचं पाणी भरपूर ठेवा, पुढचं एक जेवण गाळा, मग दोन दिवस मऊ भात आणि उकडलेलं बिनमिठाचं कोंबडीचं मांस थोडं थोडं द्या. एकदा ओकला, एक-दोन पातळ जुलाब झाले, तर एवढ्यात भागतं. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा खटाटोप करू नका, त्याने आधीच वाढलेलं मीठ आणखी वाढतं.

मात्र ओकारी थांबत नसेल, पाणीही राहत नसेल, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरून बसत असेल, पोटाला हात लावू देत नसेल, जुलाबात रक्त असेल, थरथर किंवा झटके असतील, तर घरी थांबू नका. पुढचे पाय टेकून बसणं हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं, आणि चरबीचं खाणं अंगावर आल्यावर ते एक-दोन दिवसांनीही दिसतं. पिल्लाच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर एक दिवसही वाट पाहू नका.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. १९६२ हा पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्याचा फुकट क्रमांक आहे, तो मुख्यतः गुरांसाठी असतो, कुत्र्यासाठी येतील का ते फोनवरच विचारून घ्या. रक्त तपासायची, सलाईन लावून ठेवायची वेळ आली तर गाडी करून मुंबईत परळला जा, जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे. निघताना चीजचं वेष्टन किंवा डबा बरोबर घ्या, त्यावर लसूण-कांदा लिहिलेला असतो. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, वजन किती, कोणतं औषध चालू आहे, पहिली ओकारी कधी झाली, हे एका कागदावर लिहून न्या. कुत्र्याला नेताना तोंडाला कापडी पट्टी बांधायची असेल तर ओकारी पूर्ण थांबलेली असल्याशिवाय बांधू नका, बंद तोंडात ओकला तर ते फुप्फुसात जातं.